वस्तऱ्याचा पट्टा : घरच्या घरीं करण्याची कृति

'त्याची बिनपाण्यानें हजामत झाली' असें आपण अजून सहज बोलून जातों. परंतु पाण्यानें केलेली हजामत पूर्वीं कशी होत असे, आणि तीस लागणारा वस्तरा धारेवर कसा राखीत असत, हें हल्लींच्या घरांत कोणास विचारलें तर उत्तर मिळणें कठीण. वस्तरा अजून क्वचित् कोठें ट्रंकेच्या तळाशीं सांपडतो. आजोबांची वस्तु म्हणून ती टाकून देण्याचा धीर होत नाहीं. त्याच्या जोडीचा चामड्याचा पट्टा मात्र बहुतेक ठिकाणीं नाहींसा झालेला असतो. त्यास कसर लागली, बुरशी आली, किंवा घरांतील एकाद्या चिरंजीवांनीं त्याचा गलोलीकडे उपयोग केला. पट्ट्यावांचून वस्तरा म्हणजे दोरावांचून पोहरा. विहीर भरलेली असली तरी पाणी कांहीं वर येत नाहीं. म्हणून हा पट्टा घरीं कसा करावा, तो आपलें काम कसें करतो, आणि आजच्या संसारांत त्यास कांहीं जागा आहे कीं नाहीं, ह्याचा विचार ह्या लेखांत करावयाचा आहे.

शब्द आणि शास्त्र

वस्तरा हा शब्द फारशी 'उस्तुरा' ह्यापासून आला. आपला जुना शब्द क्षुर. तो पोथ्यांतच राहिला असें आपणांस वाटतें, पण तो स्वयंपाकघरांत आणि परसांतही नांदत आहे. 'क्षुरिका' हिची सुरी झाली आणि 'क्षुरप्र' ह्याचें खुरपें झालें. चौलसंस्कारांत बालकाच्या मस्तकास वस्तरा लावण्यापूर्वीं त्या शस्त्रासच 'ह्यास इजा करूं नकोस' अशा अर्थाची प्रार्थना करण्याची रीति गृह्यसूत्रांत सांगितली आहे. कठोपनिषदांत आत्मज्ञानाच्या दुर्गम मार्गास उपमा दिली आहे ती ह्याच हत्याराच्या धारेची. ज्या काळीं ही उपमा ऐकणारास चटकन् पटत असे, त्या काळीं तीक्ष्ण धार म्हणजे काय हें घरोघरीं ठाऊक असलें पाहिजे, हें उघड आहे.

ह्याहूनही आमच्या विषयास जवळचा आधार सुश्रुतसंहितेंत आहे. तिच्या सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायांत शस्त्रवैद्याच्या शस्त्रांचें वर्णन आलें आहे. तेथें शस्त्र पाजविण्यासाठीं उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा सांगितली आहे, आणि पाजविलेली धार बसविण्यासाठीं शाल्मलीफलक, म्हणजे सांवरीच्या लाकडाची फळी, निराळी सांगितली आहे. शस्त्र नीट तयार झालें ह्याची खूण कोणती, तर तें केंस छेदील ही. पाजविणें आणि धार बसविणें हीं दोन कामें निराळीं आहेत, त्यांस दोन निराळीं साधनें लागतात, हें मर्म आमच्या वैद्यांस तेव्हांपासून ठाऊक होतें. दगड धार काढतो. फळी किंवा पट्टा ती धार बसवितो. हा भेद ज्याच्या ध्यानांत आला त्यास पुढील सर्व कृति सोपी वाटेल.

योगायोग असा कीं, हल्लीं पाश्चात्त्य देशांतील वस्तऱ्याचे शौकीन धार बसविण्यासाठीं बाल्सा नांवाच्या अतिशय हलक्या लाकडाची फळी वापरतात, आणि तो बाल्सा वृक्ष वनस्पतिशास्त्राच्या वर्गीकरणांत आपल्या सांवरीच्याच कुळांतला आहे. दूरदेशींच्या लोकांनीं आपल्या अनुभवानें शोधलेली वस्तु आणि सुश्रुतानें सांगितलेली वस्तु एकाच कुळांतली निघावी, ह्यांत चमत्कार नाहीं. मऊ, एकसारखें आणि किंचित् दबणारें लाकूडच ह्या कामास हवें, हें दोघांनाही लोखंडानेंच शिकविलें.

पट्टा करतो काय?

नुसत्या डोळ्यांना धार ही एक रेघ दिसते. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली तर ती एक अत्यंत पातळ भिंत आहे. चांगल्या वस्तऱ्याच्या धारेचें टोंक एक मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, बारीक असतें. दगडावर पाजविल्यावर ह्या टोंकाशीं पोलादाचा एक नाजुक पापुद्रा राहतो आणि तो ह्या किंवा त्या अंगास वळलेला असतो. दाढी केल्यानेंही धार जागोजाग वांकते. पट्ट्यावर वस्तरा उलटसुलट फिरविला म्हणजे हा पापुद्रा सरळ उभा राहतो किंवा गळून पडतो, आणि धारेच्या दोन्ही अंगांस जिल्हई येते. पट्टा पोलाद फारसें झिजवीत नाहीं, म्हणूनच तो रोज वापरतां येतो. दगड झिजवितो, म्हणून तो क्वचितच वापरावयाचा.

केंस पोलादापुढें किती मऊ! पोलाद त्याहून सुमारें पन्नासपट कठीण. असें असतां केंसानें वस्तरा बोथट कां व्हावा, हा प्रश्न जिज्ञासूंस पडतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेच्या संशोधकांनीं २०२० सालीं त्याचें उत्तर प्रसिद्ध केलें. केंस कापला जातांना वांकतो; वांकलेला केंस धारेस आडवा लागतो; आणि पोलादाची अंतर्रचना जेथें एकसारखी नसते नेमक्या तेथेंच धारेचा बारीकसा कपचा उडतो. म्हणजे धार केवळ झिजत नाहीं, ती तुटतेही. ह्यावरून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक, दाढी पुरेशी भिजवून केंस मऊ केल्यावांचून वस्तरा लावूं नये. दुसरी, वांकलेली धार पट्ट्यानें सरळ होते, पण तुटलेली धार पट्ट्यानें भरून येत नाहीं. तीस दगडच पाहिजे. पट्ट्याकडून अशक्य तें अपेक्षूं नये.

पट्टा गेला कसा?

पट्टा घरांतून गेला तो मुख्यतः एका शोधामुळें. अमेरिकेंत किंग कँप जिलेट ह्यांनीं पातळ, वापरून फेंकून देण्याच्या पात्याचा 'सेफ्टी रेझर' १९०३ सालीं विकावयास काढला. पहिल्या वर्षीं ५१ वस्तरे आणि १६८ पातीं एवढीच विक्री झाली. १९०४ सालीं त्यांस पेटंट मिळालें, आणि पहिल्या महायुद्धांत अमेरिकन शिपायांच्या सामानांत तें उपकरण गेल्यावर जगभर त्याचा प्रसार झाला. पातें बोथट झालें कीं टाकून द्यावें, नवें घालावें. पाजविणें नको, पट्टा नको, शिकणें नको. सोयीपुढें कला हटली.

न्हाव्याच्या धोकटींतून पट्टा गेला तो मात्र निराळ्या कारणानें, आणि तें कारण योग्यच होतें. एकाच वस्तऱ्यानें दहा जणांची दाढी करावी आणि प्रत्येकाच्या आधीं तो एकाच पट्ट्यावर फिरवावा, ही रीति रोगांस आमंत्रण देणारी आहे. कावीळ उत्पन्न करणारे हेपाटायटिस-बी व सी हे विषाणु, तसाच एच्. आय्. व्ही., हे रक्तावाटे पसरतात, आणि वस्तऱ्यास लागलेलें रक्त डोळ्यांस दिसेलच असें नाहीं. वस्तरा उकळतां येतो. चामड्याचा पट्टा उकळतां येत नाहीं. म्हणून हल्लीं केशकर्तनालयांत मोडून अर्धें केलेलें पातें मुठींत अडकवून वापरतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकामागें तें बदलतात. आमच्या नाशकास रामकुंडावर क्षौर करवून घेणाऱ्या यात्रेकरूंनींही नवें पातें डोळ्यांदेखत लावून घ्यावें. त्यांत संकोच बाळगण्याचें कारण नाहीं.

म्हणून ह्या लेखाचा पहिला नियम असा : पट्टा आणि वस्तरा ह्यांस धनी एकच असावा. बाप, मुलगा, जांवई असे तिघे घरांत असतील तर तीन वस्तरे आणि तीन पट्टे पाहिजेत. दुकानांत जें साधन धोक्याचें ठरलें, तेंच एकाच्या हातीं राहिलें तर घरांत निर्धोक आहे.

आजच्या घरांत त्याची गरज काय, असें कोणी विचारील. एक उत्तर उकिरड्यावर मिळतें. वापरलेलीं पातीं आपण कागदांत गुंडाळून, किंवा न गुंडाळतांही, केरांत टाकतों. सकाळीं घंटागाडी येते. तीवरील माणसें तो केर हातानें चाळतात, आणि आपल्या गालावर जें पातें बोथट ठरलें तें त्यांच्या बोटांस मात्र पुरेसें तीक्ष्ण असतें. प्लॅस्टिकच्या मुठींचे वस्तरे तर कुजतही नाहींत. एक वस्तरा नीट राखला तर दोन पिढ्या चालतो, आणि त्यापासून केरांत कांहीं जात नाहीं. ज्यांस पातींच वापरावयाचीं असतील त्यांनीं तीं झांकणाच्या जाड पत्र्याच्या डब्यांत सांठवावीं, डबा भरल्यावर पक्का बंद करावा, आणि वर ठळक अक्षरांनीं 'पातीं' असें लिहून तो सफाई कामगाराच्या हातीं निराळा द्यावा. एवढें तरी आपणांकडून व्हावें.

चामडें आणि आपलीं घरें

ह्या विषयास आपल्या समाजाच्या वागणुकीची एक बाजू आहे. ती वगळून पुढें जाणें सचोटीचें होणार नाहीं. आपल्या घरांत चामडें हा विटाळाचा विषय होता. पायांत वहाण चालत असे, तबल्यास आणि मृदंगास चामडें चालत असे, मोटेनें उपसलेलें पाणी मळ्यास चालत असे. पण तें कमावणारा आणि शिवणारा माणूस मात्र उंबऱ्याबाहेर राही. ज्या नाशकांत आम्ही राहतों, तेथेंच काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीं २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढें अनेक वर्षें चालला, ही गोष्ट आमच्या पिढीनें वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे.

वस्तऱ्याचीही अशीच एक कथा आहे. हेंच हत्यार आपल्या घरांतील बालविधवांच्या मस्तकांवर फिरत असे. १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकारानें न्हावी बंधूंनीं सभा भरविली आणि विधवांचें केशवपन आम्हीं करणार नाहीं असा निश्चय केला. शास्त्रार्थाचे वाद पंडितांत चालू असतांना, ज्यांच्या हातीं वस्तरा होता त्यांनीं तो खालीं ठेवला. धार चांगली राखावी हें जितकें महत्त्वाचें, तितकेंच ती कोणावर चालवूं नये हें कळणें महत्त्वाचें. आणि हें दुसरें ज्ञान आपणांस त्यांनीं दिलें. हातानें पट्टा करण्यास बसणारानें चामड्यास हात लावतांना एवढें मनांत आणावें, म्हणजे त्या हाताचें काम नुसता छंद राहणार नाहीं.

चामड्याची निवड

पट्ट्याचें सर्व यश चामड्यावर आहे. चामडें कमावण्याच्या दोन मुख्य रीति आहेत. एक वनस्पतींची : बाभळीची साल, हिरडे इत्यादिकांच्या कषायांत कातडें अनेक दिवस मुरवितात. कोल्हापुरी वहाणांचें चामडें ह्या रीतीचें. त्या वहाणांस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. दुसरी क्रोमची : क्रोमियमच्या क्षारांत कातडें थोड्या वेळांत तयार होतें, तें मऊ व लवचीक असतें, आणि जोडे, पिशव्या ह्यांस फार वापरतात. पट्ट्यास पहिलें चामडें घ्यावें. तें भरींव, ताठर व कमी ताणलें जाणारें असतें, आणि दाबलें असतां गुळगुळीत बसतें.

दोहोंतला फरक ओळखण्याची युक्ति द्वारकेच्या चौकाजवळ बसणाऱ्या एका वृद्ध कारागिरानें आम्हांस दाखविली. द्वारकेस मुंबई, आग्रा आणि पुणें ह्या तिन्ही दिशांचे रस्ते भेटतात; वर उड्डाणपूल, खालीं वाहनांचा अखंड कल्लोळ. अशा ठिकाणीं मांडी घालून हा मनुष्य शांतपणें टांके घालीत होता.

"दादा, हातभर लांबीचा पट्टा पाहिजे," आम्हीं म्हटलें.

"कंबरेला का, गुरुजी?"

"नाहीं, वस्तऱ्याला."

त्यानें चष्म्यावरून पाहिलें. "वस्तऱ्याला आता कोण पट्टा लावतं? आमच्या बापानं न्हाव्याला करून दिलेले मी पाहिलेत. मग हे तयार पट्टे घेऊ नका, गुरुजी. ह्याच्या पोटात बघा." असें म्हणून त्यानें बाजारी पट्ट्याचें टोंक रापीनें कापून दाखविलें. वरून चामडें, आंत दाबलेला चुरा, खालीं रेक्झिन! मग त्यानें दोन निराळे तुकडे कापले. एकाच्या कापलेल्या कडेस निळसर करडी झांक होती, तें क्रोमचें. दुसरा आरपार तपकिरी, तें सालीचें. "वरच्या रंगाला भुलायचं नाही," तो म्हणाला, "कड खोटं बोलत नाही." इतक्या थोड्या शब्दांत परीक्षेचें इतकें उत्तम सूत्र सांगणारा शिक्षक विरळा.

चामडें म्हशीचें किंवा बैलाचें चालतें. मात्र महाराष्ट्रांत २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीस बंदी असल्यामुळें म्हशीचें सहज मिळतें. पाठीच्या भागाचें घ्यावें. पोटाकडील चामडें सैल असतें आणि ताणलें असतां वेडेंवांकडें होतें. जाडी अडीच ते साडेतीन मिलिमीटर असावी. डाग, चर, गोचिडांच्या खुणा ह्या भागांत नकोत. गांवांत न मिळाल्यास मुंबईस धारावीच्या चामड्याच्या बाजारांत चौकशी करावी.

साहित्य

टांगण्याच्या पट्ट्यासाठीं : दोन फूट लांब व तीन इंच रुंद चामडें, तेवढीच लांब खाटेची सुती नवार, एक भक्कम कडी, मुठीसाठीं चार इंचांचा लांकडी दांडा, मेण लावलेला जाड दोरा, रापी किंवा धारदार चाकू, लोखंडी पट्टी, आर, आणि बारीक पॉलिशकागद, २२० व ४०० नंबरचे. फळीच्या पट्ट्यासाठीं : चौदा इंच लांब, तीन इंच रुंद, पाऊण इंच जाड अशी रंधा मारलेली सागाची सपाट फळी, दहा इंच चामडें, व सुतारकामाचा गोंद. नवशिक्यानें फळीचा पट्टा करावा. तो ढिला पडत नाहीं, म्हणून धार गोल होण्याची भीति त्यांत कमी.

कृति

१. चामडें पाटावर पसरून लोखंडी पट्टीच्या आधारानें सरळ रेघा आंखाव्या. कापतांना एकाच जोरानें आरपार कापण्याचा हट्ट करूं नये. तीनचार वेळां हलक्या हातानें रापी ओढावी. कड तिरकी झाली तर वस्तरा तिच्यावरून घसरतो.

२. चामड्याची गुळगुळीत बाजू वर ठेवावी. तिजवर रोगण किंवा रंगाची चकाकी असेल तर ती ४०० च्या कागदानें, फार उंचवटे असतील तर प्रथम २२० च्या कागदानें, हलकेच काढावी. कागद एका चौकोनी लांकडाच्या ठोकळ्यास गुंडाळावा. नुसत्या बोटांनीं घांसल्यास खळगे पडतात. नंतर भुसा पुरता झटकावा, कारण कागदाचा एकादा कण मागें राहिला तर धारेस दांता पडलाच म्हणून समजावें.

३. स्वच्छ फडकें भिजवून घट्ट पिळावें आणि चामड्यावरून एकवार फिरवावें. चामडें ओलसर व्हावें, भिजूं नये. मग कांचेची सरळ बाटली त्यावर दाबून, पोळी लाटतात तशी, पुढें मागें पंधरा मिनिटें फिरवावी. ह्यानें तंतु दबून पृष्ठ भरींव होतें. नंतर सांवलींत वाळवावें. उन्हांत किंवा चुलीपाशीं ठेवलें तर चामडें आक्रसून तडकतें.

४. फळीचा पट्टा करावयाचा तर फळीस व चामड्याच्या मागील बाजूस गोंदाचा पातळ थर द्यावा, चामडें मध्यापासून बाहेर दाबीत जावें म्हणजे हवा राहत नाहीं, वर एक सपाट फळी ठेवावी आणि तिजवर घरांतला पाटा रात्रभर ठेवावा. एवढें वजन दुसरें शोधण्याची गरज नाहीं. चार इंच फळी मोकळी राहते, ती मूठ.

५. टांगण्याचा पट्टा करावयाचा तर वरील टोंकास चामडें व नवार एकमेकांवर ठेवून कडीभोंवतीं दुमडावें व आरीनें भोंकें पाडून मेणाच्या दोऱ्यानें दुहेरी टांके घालावे. खालच्या टोंकास दोन्ही थर दांड्याभोंवतीं दुमडून शिवावे. नवार आधीं दोन वेळां धुऊन खळ काढून टाकावी. खळीच्या कपड्यावर वस्तरा घसरतो, पुसला जात नाहीं.

६. शेवटीं चामड्यास स्निग्धता द्यावी. एरंडेलाचे दोनच थेंब तळहातावर चोळून तो तळहात चामड्यावरून फिरवावा. खोबरेल, गोडें तेल वापरूं नये. तें खवट होतें व चामडें पिलपिलीत करतें. पुढें रोज वापरण्यापूर्वीं कोरड्या स्वच्छ तळहातानें पट्टा दहावीस वेळां घांसावा. हाताची ऊब आणि त्वचेचें नैसर्गिक तेल ह्यांहून चांगलें औषध त्यास नाहीं. महिन्यादोन महिन्यांत पृष्ठास सतेज, गडद रंग येतो, आणि वस्तरा फिरवितांना किंचित् ओढ लागते. ती ओढ लागली म्हणजे पट्टा पिकला.

लेपाचा पट्टा निराळा ठेवावा. कांहीं दिवसांनीं नुसत्या चामड्यानें धार येईनाशी होते; तेव्हां दगडाकडे जाण्यापूर्वीं हा उपाय करून पाहतात. सोनार दागिने उजळण्यास वापरतात ती लाली, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची अतिसूक्ष्म भुकटी, किंवा क्रोमियम ऑक्साइडची हिरवी वडी, दुसऱ्या फळीवर अगदीं पातळ चोळावी. तीवर दहाबारा वेळां वस्तरा फिरविला तरी पुरतो. येथें सुश्रुताची सांवरीची फळीही चालेल. मऊ लाकूड लेप धरून ठेवतें. मात्र रोजच्या साध्या पट्ट्यास लेपाचा स्पर्शही होऊं देऊं नये.

वापरण्याची रीति

वस्तऱ्यास पातें आणि पाठ अशीं दोन अंगें आहेत. पट्ट्यावर पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळीं टेंकलेलीं असावीं. जाड पाठ हीच कोनाची मापपट्टी. कारागिरानें ती त्याच हेतूनें जाड ठेवलेली असते, म्हणून कोनाची चिंता आपणांस करावयाची नाहीं. चालतांना पाठ पुढें, धार मागें. धार पुढें घातली तर पट्टा कापला जाईल, आणि वस्तराही बिघडेल. पट्ट्याच्या टोंकास पोंचल्यावर वस्तरा पाठीवर उलटावा, धारेवर कधींही नाहीं. धार हवेंत फिरावी, पाठ पट्ट्यास चिकटलेली राहावी. हें एक सूत्र पाठ झालें कीं अर्धी विद्या आली.

पट्टा ताणून धरावा, पण वस्तऱ्यावर त्याच्या वजनाहून अधिक भार देऊं नये. ढिल्या पट्ट्यावर किंवा दाबलेल्या हातानें धार गोल होते, आणि दाढी करणें म्हणजे गाल खरवडणें होऊन बसतें. प्रथम नवारीवर वीस फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस. जाणें आणि येणें मिळून एक फेरी. प्रारंभीं वेग मुळींच नको. न्हाव्याचा हात चटचट चालत असे तो वर्षांच्या अभ्यासानें. त्या आवाजाची नक्कल करण्यास जाऊन पुष्कळ पट्टे कापले गेले आहेत. शिकाऊ हातास आधीं जाड कागदाची पट्टी किंवा बोथट सुरी देऊन उलटण्याची क्रिया बसवून घ्यावी.

धार अंगठ्यानें चांचपून पाहूं नये. हाताच्या मागील बाजूचा एक केंस कातडीपासून जरा वर सहज तुटला, तर सुश्रुताच्या परीक्षेंत वस्तरा उतरला असें समजावें. दाढी झाल्यावर वस्तरा धुवावा, पुसावा, नवारीवर दहा फेऱ्या द्याव्या म्हणजे राहिलेला ओलावा जातो, आणि तेलाचें बोट लावून ठेवावा. पोलादास दाढीहून ओलावा अधिक खातो.

निगा

आमच्याकडील पावसाळा हा चामड्याचा शत्रु. जून ते सप्टेंबर पट्टा न्हाणीघरांत ठेवूं नये. तेथें वाफ कोंडते आणि आठ दिवसांत पांढरी बुरशी चढते. हवा खेळत्या खोलींत, भिंतीस न टेंकतां, टांगावा. बुरशी आल्यास कोरड्या फडक्यानें अंगणांत पुसावी व पट्टा दोन दिवस सांवलींत वाऱ्यावर ठेवावा. घडी कधीं घालूं नये; घडीची रेघ जन्मभर राहते. बारीक चीर पडली तर तिचें उचललेलें टोंक गोंदानें बसवून ४०० च्या कागदानें सपाट करावें. चीर खोल व मधोमध असेल तर चामडें बदलावें.

वस्तरा व पट्टा दोन्ही मुलांच्या हातीं लागणार नाहींत अशा उंचीवर असावे, आणि वस्तरा वापरानंतर तत्काळ मिटावा. शिकण्याच्या वयाच्या मुलास मात्र जवळ उभें करून दाखवावें. लपविलेल्या वस्तूपेक्षां समजावलेली वस्तु कमी धोक्याची.

गृहिणींसही ह्या पट्ट्याचा उपयोग आहे, पण त्यांच्यासाठीं लेपाची फळी वेगळी करून द्यावी. भाजीची सुरी दगडावर पाजल्यानंतर तिची पाठ जरा उचलून, धार मागें ठेवून, दहा वेळां त्या फळीवरून ओढली तर टोमॅटो न चिरडतां कापला जातो. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला म्हणजे ती घसरते. स्वयंपाकघरांतील जखमा बोथट सुरीनेंही होतात.

पट्टा करण्यास एक रविवार पुरतो. हात बसण्यास महिना दोन महिने लागतात. जुन्या वस्तऱ्यावर गंज खोल गेलेला असेल, किंवा धारेस डोळ्यांस दिसणारे दांते असतील, तर आधीं तो दगडाचें काम जाणणाऱ्या कारागिराकडे द्यावा, त्याच्या कामाचा पुरा मोबदला द्यावा, आणि तो कसें करतो तें बसून पाहावें. मग ट्रंकेच्या तळचा वस्तरा पुन्हां आरशापुढें येईल, आणि केरांतील पात्यांनीं कापणारीं बोटें तरी तेवढ्यापुरतीं कमी होतील.